नवतप्यातला आठवडा

यादीत पळसबन नव्हतं. पहलगाम होतं, पाचगणी होतं, आणि त्या दोघांच्या मधे, श्रीमंतांच्या पंगतीत चुकून बसलेल्या नातेवाइकासारखं अंग चोरून असणारं आमचं पळसबन नव्हतं. मी यादी वर नेली, खाली आणली, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, जसा काही दोष त्याचाच होता. समोर जातीच्या दाखल्यासाठी आलेली बाई फोटो हातात धरून उभी होती. कूलरमधलं पाणी संपलं होतं आणि तो नुसती गरम हवा अंगावर फेकत होता. आणि मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या वेबसाइटनं काहीतरी खरं सांगितलं होतं. मग त्या आनंदाचीच चीड आली, कारण सकाळीच बिरसीहून टेकचंदमामांचा फोन येऊन गेला होता. टेकचंदमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो आणि दर मे महिन्यात ते तेच बोलतात. ‘उमेंद्र, आपला नंबर लागला का पाहून घेजो. मामी म्हणून राहिली, पुरीचंच पाहजो म्हणते. तिले समुद्र पाहाचा हाय.’ मी पाहतो म्हणालो होतो. ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान टाकलेल्या माणसाच्या नशिबी हे पाचवीलाच पुजलेलं असतं. सगळ्या सोयऱ्यांचे पासवर्ड त्याच्याकडे आणि सगळ्यांच्या आशाही त्याच्याचकडे.

दाखल्याच्या बाईला बसायला सांगून मी त्या रिसॉर्टवाल्या कंपनीच्या नंबरवर फोन लावला. बरीच बासरी ऐकवल्यावर एक पोरगी बोलली, फार गोड आवाजात. ‘सर, वो प्रॉपर्टी अब हमारे नेटवर्क में नहीं है.’ मी विचारलं, आणि आम्ही जे आठवडे जमा करून ठेवले होते त्यांचं काय? ‘सर, वो तो एक्सपायर हो गए होंगे. और कोई सहायता?’ मी नाही म्हणालो. तिनं माझा दिवस शुभ जावो असं सांगून फोन ठेवला, तोच नीतूचा आला. नीतू माझी बायको, बालाघाटची. घाई झाली की तिची मराठी अर्धी हिंदीत जाते. ‘बाबूजी गेले जी. थैली घेऊन गेले. मी नहाणीत होते, तेवढ्यात. आज तारीख कोणती आहे, मालूम आहे ना?’ मला मालूम होती. नवतपा लागला होता. रोहिणीतले ते नऊ दिवस, जेव्हा आमच्याकडे कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत, तेव्हा माझा बाप दरवर्षी चिचगडच्या पुढे जंगलात जाऊन आपल्या मालकीच्या आठवड्यात बसतो. यंदा फेब्रुवारीत नागपूरला त्यांच्या हृदयात जाळी बसवली होती आणि डॉक्टरनं उन्हाचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. नीतू म्हणाली, ‘आणून घ्या त्यांना. आणि सांगून टाका एकदाचं, की ते सब खतम झालं. तुम्ही धडपणे सांगत नाही म्हणून ते जातात.’ धडपणे तर मी कैकदा सांगितलं होतं. पण तेव्हा माझ्याकडे नुसतं मत होतं, आज पुरावा होता. बाईचा दाखला राहिला. मी शटर ओढलं आणि बिसरामची ओम्नी भाड्यानं सांगितली.

गाडीत बसल्यावर मात्र त्या पुराव्याचं काय करायचं ते कळेना. आमगावच्या पुढे रस्ता पाण्यासारखा हलत होता, बिसराम डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून गाडी हाकत होता, आणि मला तो गोंदियातल्या हॉटेलचा हॉल आठवत होता, एसी इतका की आईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला होता. बिरसीच्या जुन्या धावपट्टीचं काम निघालं त्या सुमाराची गोष्ट. विमान येणार म्हणजे जग येणार, असं सगळ्यांनाच वाटत होतं. आणि टाय लावलेला तो माणूस तर जग खिशात घालूनच आला होता. ‘आप लोग ज़मीनदार हैं. ज़मीन क्या होती है, आपको क्या समझाना,’ असं म्हणाला आणि आमची सगळी पवार मंडळी खुर्चीत ताठ झाली. माळव्यातून आमचे पूर्वज तलवारी घेऊन आले म्हणतात. आले आणि धानाच्या चिखलात उतरले ते अजून वर आले नाहीत, पण जमीनदार म्हटलं की पाठीचा कणा अजून सरळ होतो. त्यानं सांगितलं ते असं. पळसबन नावाचं रिसॉर्ट तलावाच्या काठी बांधून होतं आहे. त्यातली खोली विकत घ्यायची नाही, खोलीतला वर्षाचा एक आठवडा विकत घ्यायचा, तो कायमचा तुमचा, तुमच्या पोरांचा. आणि तिथं जायलाच पाहिजे असं नाही. आपला आठवडा एका मोठ्या सामायिक साठ्यात टाकायचा, आणि दुसऱ्या कोणी टाकलेला, गोव्याचा, मसुरीचा, पुरीचा, आपण उचलायचा. तो तुमच्याकडे, तुम्ही त्याच्याकडे. पनीरची भाजी होती, जोडप्याला एक डिनर सेट फुकट होता. माझा बाप, धनलाल बिसेन, हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, ‘म्हंजे आमची पान्याचीच बारी झाली हे.’ सगळे हसले. टायवाल्याला काही कळलं नाही, पण तोही हसला.

बाबूजींना वाटलं ते चुकीचंही नव्हतं. सौंदडकडे आमच्या गावच्या तलावावर पाणी बारीनं मिळतं. आज तुझ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उद्या माझ्या. तुला घाई असली तर माझी बारी तू घे, तुझी मी घेतो. त्याला ना कागद लागतो ना साक्षीदार, कारण देणारा आणि घेणारा एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात. एकच नियम. आपल्या बारीला माणूस बांधावर उभा दिसला पाहिजे. नाही दिसला तर खालचा पाट फोडून नेतो आणि पुढच्या साली म्हणतो, याला पाणी लागतच नाही. बाबूजींनी आयुष्यभर लोकांच्या बाऱ्यांचे तंटे सोडवले होते. त्यांनी मान डोलावली म्हणून त्यांना भाटवा, म्हणजे भावजी, म्हणणाऱ्या टेकचंदमामांनी मान डोलावली, आणि मामांनी डोलावली म्हणून हॉलमधल्या अर्ध्या सोयऱ्यांनी. मग टायवाल्यानं वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावलं आणि म्हणाला, आपापला आठवडा निवडा.

आणि तिथं आमच्या लोकांनी जे केलं ते जगात दुसऱ्या कोणी केलं नसतं. सगळे मे महिन्यावर तुटून पडले. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचे आठवडे, जेव्हा त्या तलावावर दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि अंगावर शाल घ्यावी अशी हवा असते, ते तसेच पडून राहिले. कारण तेव्हा धान कापणीला येतं, मग चुरणं, मग भरणं, मग गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, आणि घरात पाहुण्यांची रीघ. धान बांधीत उभं असताना रिसॉर्टात जाऊन झोपणारा माणूस आमच्या जातीत जन्मायचा आहे. पावसाळ्यात रोवणी. मोकळा काय तो उन्हाळा. पोरांना सुट्टी, बैलांना सुट्टी, माणसाला सुट्टी. मे महिन्याच्या आठवड्यांसाठी अक्षरशः भांडणं झाली. टायवाला हुशार, त्यानं मेची किंमत तिथल्या तिथं वाढवली आणि त्याला पीक सीझन असं नाव दिलं. आम्ही ती वाढीव किंमतही दिली. टेकचंदमामांना मेचा पहिला आठवडा हवा होता आणि तो बाबूजींच्या नावानं निघाला होता, तर बाबूजींनी मोठेपणानं तो मेव्हण्याला दिला आणि स्वतःसाठी शेवटचा घेतला. नवतप्याचा. आपल्याला आठवडा कधी सोयीचा ते प्रत्येकानं पाहिलं. तो आठवडा दुसऱ्या कोणाला हवासा वाटेल का, हे एकाच्याही मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी बी.कॉम. होतो.

नंतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर हळूहळू सगळं समजत गेलं, बैल गेल्यावर झोपा केल्यासारखं. त्या साठ्यात प्रत्येक आठवड्याला भाव असतो. जो जितक्यांना हवा, तितका त्याचा भाव. तुम्ही टाकाल त्या भावाचंच उचलू शकता. डिसेंबरातला गोवा टाकणाऱ्याला मसुरी मिळते. सेहेचाळीस डिग्रीतलं चिचगड टाकणाऱ्याला काय मिळणार? मी गोवा भरायचो, पुरी भरायचो, उटी भरायचो. उत्तर एकच, आपल्या ठेवीच्या श्रेणीत पर्याय उपलब्ध नाही. शिवाय ज्याच्याकडे खरंच समुद्र आहे तो तो साठ्यात टाकतोच कशाला? तो स्वतः जातो, नाहीतर पाहुण्याला पाठवतो. आणि कोणी टाकलाच तर कंपनी तो वरच्या वर रोख गिऱ्हाइकाला भाड्यानं देते. खाली आमच्यापर्यंत यायचा तो गाळ. जिथून प्रत्येकाला पळायचं आहे अशाच जागा त्या साठ्यात, आणि आम्ही सगळे एकमेकांना आपापलं ओझं देऊ करत होतो. पळसबनला कोणी येईना म्हणून लोकांनी देखभालीची वर्गणी बंद केली, वर्गणी बंद झाली म्हणून नळ कोरडे पडले, नळ कोरडे पडले म्हणून श्रेणी आणखी उतरली. हे मी सगळ्यांना समजावून सांगायचो. ऐकून घ्यायचे, आणि जाताना म्हणायचे, ‘तरी पाहजो, एखाद्या वेळेस लागन नंबर.’

एकदाच लागला. राजस्थानात, वाळवंटाच्या कडेला, नवतप्यातच. बाबूजींना इतका आनंद झाला की त्यांनी सौंदडहून लाडू करून आणवले. आम्ही चौघं गेलो. बाबूजी, आई, नीतू आणि मी. आठवडाभर खिडक्या बंद करून एका खोलीत बसलो, बाहेर वाळू उडत होती. आई, जिचं नाव तुलसा आणि जिनं उभ्या जन्मात कशाला नावं ठेवली नाहीत, ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, ‘हे त आपल्याच घरावानी हाय. फकत झाडं नाही.’ परत आल्यावर कळलं की त्याच आठवड्यात त्या वाळवंटातलं एक कुटुंब पळसबनला येऊन गेलं होतं. त्यांना वाटलं होतं जंगल म्हणजे थंड असेल. बकारामला, म्हणजे तिथल्या चौकीदाराला, ते रोज विचारायचे की पहाड किधर है. मला ती माणसं पाहायला फार आवडलं असतं. वाटेत कुठल्यातरी स्टेशनवर त्यांची आणि आमची गाडी शेजारी उभी राहिली असेल, दोन्हीकडे खिडकीत घामेजलेली तोंडं, आणि कोणी कोणाला ओळखलं नाही. त्यानंतर बाबूजींनी आपला आठवडा साठ्यात टाकणं बंद केलं. ‘बारी कोनाले देऊन पाह्यली, भेटलं काही नाही. आता बारीवर आपन उभं राहावं,’ असं म्हणाले आणि तेव्हापासून दर नवतप्यात ते स्वतः जाऊन बसायला लागले. मामा मात्र टाकत राहिले.

आणि हे सगळं कुठं चाललेलं, तर गोंदियात. माझं दुकान स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आहे. पुरीला जाणारी गाडी आमच्या स्टेशनात थांबते, तिची घोषणा मला काउंटरवर बसल्या बसल्या ऐकू येते. मी किती वेळा मामांना म्हणालो, मामा, स्लीपरचं तिकीट काढून देतो, चला, उद्या समुद्र दाखवतो मामीला. मामा दुखावल्यासारखे पाहायचे. ‘पैसा देऊनच जायचं होतं त मंग ते घेतलं कायले?’ वेगळे पैसे टाकून पुरीला जाणं म्हणजे आपण लुबाडले गेलो हे स्टेशनावर उभं राहून कबूल करणं, आणि ते कबूल करण्यापेक्षा न जाणं बरं. म्हणजे त्या टायवाल्यानं यांना कुठं नेलं तर नाहीच, जिथं जाता आलं असतं तिथंही जाऊ दिलं नाही. आई तशीच गेली. शेवटल्या आजारपणात एकदा म्हणाली होती की गंगासागर पाहायचं राहिलं. बाबूजी म्हणाले, पुढल्या साली नंबर लागन. मी तिथंच पायथ्याशी बसलो होतो. त्या वेळी मला बापाचा जो राग आला तो अजून गेलेला नाही, आणि ओम्नीच्या तापलेल्या सीटवर तो पुन्हा आतून वर येत होता. आज बोलायचं, असं मी ठरवलं. बाबूजींना तर सांगायचंच, परतताना बिरसीला थांबून मामांनाही सांगायचं. हा तमाशा माझ्या हातानं संपवायचा.

पळसबनच्या कमानीवरची अक्षरं गळली होती. पोहायच्या टाकीत पाणी कधीच नव्हतं. बकारामनं तिच्या निळ्या फरशीवर मोहाच्या बिया वाळत घातल्या होत्या. मागचा तलाव आटून मधे डबकं उरलं होतं, आणि भोवतीच्या चिखलाला बोटभर रुंद भेगा. बाबूजी आपल्या कॉटेजच्या ओट्यावर खाटेवर बसले होते, डोक्यावर ओला दुपट्टा, पायाशी थैली. सदरा धुतलेला, वरचं बटण लावलेलं. रस्त्यापासून पायी आले होते, बकाराम म्हणाला. माझ्याकडे पाहून त्यांना आश्चर्यही वाटलं नाही.

‘बाबूजी, पळसबन यादीतून काढून टाकलं कंपनीनं. आता बदली नाही, काही नाही. जे जे आठवडे टाकले ते सगळे बुडाले. मामांचेही.’

‘मालूम हाय,’ ते म्हणाले.

‘कधीपासून?’

‘मॅनेजर पळाला ना, तवापासून. बकारामनंच सांगतलं. याच्यासाठी एवढ्या उनात आला का तू? घरी आल्यावर सांगतलं असतं.’

मी वाटेत जे जे जुळवलं होतं ते सगळं गळून पडलं. मला वाटत होतं मी एका भोळ्या म्हाताऱ्याचे डोळे उघडायला निघालो आहे. ‘मंग कायले येता अठी?’ मी ओरडलो, आणि दुकानात, बायकोजवळ, गिऱ्हाइकांशी कधी न बोललेली ती गावची बोली माझ्या तोंडून अशी बाहेर पडली की बकाराम बियांवरून उठून उभा राहिला.

‘मी नाही आलो त टेकचंदले समजन,’ बाबूजी म्हणाले. ‘त्यानं त्या दिवशी मले इचारलं होतं, भाटवा, घेऊ का? मी घे म्हणलो. सगळ्या सोयऱ्यायनं माह्या तोंडाकडे पाहून घेतलं. बारीवर मानूस उभा दिसला का लोक म्हणतात, पानी चालू हाय.’

‘पण पाणी नाही ना, बाबूजी.’

‘नाही त नाही. उभं त राहा लागते.’

‘मराल अठी.’

‘मरन,’ ते म्हणाले, काही विशेष न बोलल्यासारखं. मग पाण्याच्या लोट्यासाठी उठायला गेले आणि मधेच खाटेची कड धरून बसले. ओठ राखेसारखे झाले होते. मी दुपट्टा पुन्हा भिजवून त्यांच्या मानेवर ठेवला. त्या मानेची हाडं माझ्या तळव्याला लागली आणि राग कुठं ठेवावा ते मला समजेना. माणूस इतका हाडाहाडाचा झाल्यावर त्याच्यावर रागावणंही धड जमत नाही. बिसराम गाडी ओट्याला लावून उभा राहिला. मी म्हणालो, चला. ते हलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी जातो. पन बारी खाली नाही ठेवत.’ आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचं म्हणणं कळलं होतं, तरी न कळल्यासारखं मी करून पाहिलं. ‘तू बसतं का?’ त्यांनी सरळच विचारलं.

मी हो म्हणालो, कारण दुसरा उपाय नव्हता. नाही म्हटलं असतं तर ते बसले असते आणि बसल्या जागी गेले असते, आणि मग गावभर झालं असतं की धनलाल आपल्या बारीवर उभ्या उभ्या गेला. त्यांना तेच हवं होतं की काय कोण जाणे. गाडीत बसताना मी म्हणालो, ‘पण मामांना मी सांगणार आहे. तुम्ही काही म्हणा.’ वाटलं होतं ते उतरतील. ते म्हणाले, ‘सांगायचं असन त सांग. आता बारी तुही हाय.’ बिसरामनं धूळ उडवत गाडी वळवली. बाबूजींनी मागे वळून पाहिलं नाही.

मग मी बसलो. दिवसभर दुसरं काही करायचं नव्हतं. भिंती रात्रीही तापलेल्या असायच्या, नळ होते पण त्यांतून उष्ण हवेचा फुस्कारा यायचा, बकाराम हातपंपावरून बादली आणून ठेवायचा. त्याचा पगार कधीचा थांबला होता. तो का बसला होता ते मी विचारलं नाही, त्यानंही मला विचारलं नाही. बाबूजींची खाट माझ्या उंचीला आखूड पडत होती. तिच्यावर पडून मी मामांना सांगायची वाक्यं तयार करत होतो. मामा, फसवलं आपल्याला. मामा, ते कधीच होणार नव्हतं. मामा, मेचा महिना घेतला तिथंच आपण मेलो. मी ती कधी हळू म्हणून पाहिली, कधी रागानं. रागानं बरी वाटत होती. मला हेही दिसत होतं की मामांना सांगण्यात मला गोडी वाटते आहे, जशी दुसऱ्याच्या डोळ्यांतलं कुसळ काढताना वाटते. आठ वर्षं मी सगळ्यांच्या आशा टाइप केल्या होत्या, आता मला त्या पुसायच्या होत्या. मधेच वाटायचं की देशभर अशी कितीतरी बंद पडलेली रिसॉर्टं असतील आणि कितीतरी ओट्यांवर कोणी ना कोणी बसलं असेल. मग वाटायचं, नाही, इतका मूर्ख मीच.

तिसऱ्या दिवशी ऊन जरा कलल्यावर कमानीतून दोन माणसं येताना दिसली. टेकचंदमामा, आणि त्यांच्या मागे गुडघ्यावर हात ठेवत शकुंतलाबाई मामी. बिरसीहून देवरी, देवरीहून चिचगड, पुढे कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर. बाबूजींनी त्यांना फोन करून सांगितलं होतं की यंदा उमेंद्र बसला आहे. मामी यापूर्वी इथं कधी आली नव्हती. ‘म्हणलं पाहून त घेऊ आपल्या मालकीची जागा,’ ती म्हणाली. मी खाट पुढे केली, ती बसली नाही. तिनं सगळं फिरून पाहिलं. भिंतीचा पोपडा निघाला होता तिथं हात लावून पाहिलं, टाकीच्या काठाशी वाकून बियांकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘केवढी मोठी हाय.’ मला वाटलं आता तिच्या लक्षात येईल, आता ती काहीतरी बोलेल आणि माझं काम अर्धं होईल. मामाच म्हणाले, ‘अठीचं काही पाहू नको तू. अठी कोनाले राहाचं हाय? आपल्याले तिकडं जायचं हाय.’ मामी समजूतदारपणे मान हलवून खाटेवर बसली आणि तिनं पिशवीतून घरचे आंबे काढले.

‘मामा,’ मी म्हणालो.

‘पह्यले खाऊन घे,’ मामी म्हणाली. ‘कसा सुकून गेला बाप्पा.’

आंबा गरम होता, रस कोपरापर्यंत ओघळला. मामा सांगत होते की बिरसीला शिकाऊ विमानं दिवसभर डोक्यावर फिरतात, आणि ज्या दिवशी धनलालचा फोन आला त्या दिवशी त्यांना किती बरं वाटलं. ‘मले वाटे भाटव्याची तब्येत अशी झाली, आता कोन पाहन हे? आता तू हायस त चिंता नाही.’ मी हात धुतले. तयार केलेली वाक्यं सगळी जागेवर होती, एकही विसरलो नव्हतो. मी म्हणालो, ‘मामी, पुरीला गोंदियावरून सरळ गाडी आहे. मी तिकीट काढतो. पुढल्या हप्त्यातच जाऊ, मी पण येतो.’

मामी हसली. तिच्या हसण्यात माझ्याबद्दल माया होती आणि थोडी कीवही. ‘तिकिटानं त कोनी बी जाते, बाबू,’ ती म्हणाली. ‘आपला त हक्क हाय.’

मामांनी तिच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनीच तिला कधीतरी सांगितलेलं असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि आता ते माझ्याकडे पाहत होते, आणि त्या पाहण्यात एक क्षण असं काही होतं की मला शंका आली, यांनाही मालूम आहे. पण त्यांनी डोळे वळवले आणि म्हणाले, ‘मंग पुरीच भरून दे ना आताच. मोबाइलवर होते म्हणतात. मामीच्या समोर भर, तिले बी दिसन कसं भरतात ते.’

मामी खाटेवर सरकली आणि तिनं मला जागा केली. चष्मा नाकावर ठेवून ती माझ्या खांद्यावरून वाकली. तिच्या लुगड्याला आंब्याचा आणि घामाचा वास येत होता. त्या जंगलात मोबाइलला रेंज नव्हती, तीन दिवसांत एकदाही आली नव्हती. मी फोन काढला, मेसेज लिहायची जागा उघडली, आणि एकेक अक्षर दाबत पुरी असं लिहिलं.

‘समुद्राच्या बाजूची खोली भेटन का?’ मामीनं विचारलं.

मी तेही लिहिलं.

‘भरलं का?’ मामा म्हणाले.

‘भरलं,’ मी म्हणालो.